तोंड वाकडं करून पळणारा एमिल

क्रॉसकंट्रीच्या दुसऱ्या दिवशी होस्टेलचा जिना कठडा धरून उतरणारी मंडळी आपण दरवर्षी बघतो. पुन्हा या फंदात पडणार नाही, अशी शपथ घेतात आणि पुढच्या वर्षी नोटीस लागली की पहिलं नाव यांचंच! असं का, हे त्यांना विचारून उपयोग नाही. त्यापेक्षा एमिल झाटोपेकची गोष्ट ऐका.

एमिल १९२२ साली चेकोस्लोव्हाकियात एका सुताराच्या घरी जन्मला. घरात खाणारी तोंडं बरीच. सोळाव्या वर्षी पोरगा झ्लिन गावातल्या बाटाच्या बुटांच्या कारखान्यात लागला. (हो, तोच बाटा!) १९४१ साली कारखान्याच्या कोचने चार पोरांकडे बोट दाखवून शर्यतीत पळायचा हुकूम सोडला. त्यात हा सापडला. मी अशक्त आहे, पळण्याच्या लायकीचा नाही, असं त्याने सांगून बघितलं. कोचने त्याला डॉक्टरकडे पाठवलं आणि डॉक्टरने ठणठणीत ठरवलं. आपल्याकडे मेडिकल सर्टिफिकेट सहज मिळतं, बिचाऱ्याला तेही मिळालं नाही! झक मारत उभा राहिला. पण एकदा सुटल्यावर मागे राहणं काही त्याला जमेना. शंभरेक पोरांत तो दुसरा आला.

पुढे तो सैन्यात गेला आणि सराव सुरू झाला तो भयंकर. चारशे मीटर जोरात पळायचं, थोडं हळू पळत दम घ्यायचा, पुन्हा चारशे. असं वीस वेळा, चाळीस वेळा, पुढे तर साठ वेळा. बर्फात, अंधारात, पायात सैनिकी बूट. खरी गोम इथेच आहे असं मला वाटतं. दहा हजार मीटर म्हटलं की छातीत धडकी भरते, पण चारशे मीटरचा त्रास कोणीही सोसू शकतो. तो सोसून झाला की पुढचे चारशे. सबमिशनच्या आदल्या रात्री आपण शीटमागून शीट उरकतो, त्यातलाच प्रकार.

यामुळे पळणं सुखाचं झालं का? छे! त्याचे फोटो बघा. मान एका बाजूला कललेली, जीभ बाहेर, चेहरा असा की कोणीतरी सुरा खुपसलाय. आणि हा गडी त्या वेळी सगळ्यांच्या पुढे असायचा. १९४८ ला लंडनमध्ये त्याने दहा हजार मीटरचं सुवर्ण घेतलं, पाच हजारात रौप्य. १९५१ मध्ये एका तासात वीस किलोमीटरच्या वर पळणारा तो जगातला पहिला माणूस ठरला.

मग आलं १९५२ चं हेलसिंकी. आपल्या कराडजवळच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझ जिंकलं तेच ऑलिंपिक. झाटोपेकने २० जुलैला दहा हजार मारलं, २४ ला पाच हजार. त्याच दिवशी त्याची बायको डाना हिने भालाफेकीचं सुवर्ण घेतलं. आणि २७ ला साहेब मॅरेथॉनला उभे, आयुष्यात पहिल्यांदाच! अंदाज काहीच नाही, म्हणून त्याने शेजारी पळणाऱ्या जिम पीटर्सला विचारलं, वेग बरोबर आहे ना. पीटर्स तेव्हाचा सगळ्यात वेगवान मॅरेथॉनवाला, पण आतून पार थकलेला. त्याने थाप मारली की फारच हळू चाललंय. हा खरं समजून पुढे सटकला. पीटर्सने वाटेत शर्यत सोडली. झाटोपेक २ तास २३ मिनिटांत स्टेडियममध्ये, दुसऱ्याच्या अडीच मिनिटं आधी.

१९५६ ला मेलबर्नला ऑपरेशननंतर पळून तो मॅरेथॉनमध्ये सहावा आला. १९६८ च्या प्रागमधल्या चळवळीला पाठिंबा दिला म्हणून सैन्यातून हाकलला गेला आणि पुढची काही वर्षं त्याने मजुरी केली. २००० साली वारला.

१९६६ ची एक गोष्ट राहिलीच. ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क प्रागला त्याच्याकडे आला होता. नावावर विश्वविक्रमांचा ढीग, पण ऑलिंपिक सुवर्ण एकही नाही. निघताना झाटोपेकने त्याच्या हातात एक छोटं पुडकं ठेवलं. क्लार्कने नंतर उघडून बघितलं, तर आत हेलसिंकीचं दहा हजार मीटरचं पदक.