साताऱ्यात जन्म, मीठ खात्यात नोकरी आणि घरात पाळलेले सुरवंट: कोण होते ‘ईएचए’?

जालना जिल्हा मोसंबीसाठी ओळखला जातो. इथल्या बागांमध्ये कोवळ्या पालवीवर एक अळी येते. लहान असताना ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते. लहान कलमांची पानं ती बघता बघता फस्त करते, म्हणून बागायतदार तिच्यावर फवारणी करतात.

तीच अळी कुंडीतल्या कढीपत्त्यावर सापडली, की घरातली पोरं तिला बरणीत ठेवतात. काही दिवसांनी तिचा कोष होतो आणि मग त्यातून काळं-पिवळं फुलपाखरू बाहेर येतं. हेच ते ‘लाइम बटरफ्लाय’.

बागेतली कीड आणि बरणीतलं फुलपाखरू एकच, हे आज मोबाईलवर लगेच कळतं. पण सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी आपल्याकडच्या अनेक फुलपाखरांची अळी कोणती आणि ती कोणत्या झाडाची पानं खाते, याची नोंदच नव्हती. फुलपाखरू जाळीत पकडायचं, टाचणीला टोचायचं आणि नाव द्यायचं, इथवरच बरंचसं काम व्हायचं. ही उणीव भरून काढणाऱ्यांमधलं एक मोठं नाव म्हणजे एडवर्ड हॅमिल्टन एटकेन.

मिशनऱ्याचा मुलगा, मीठ खात्याचा अधिकारी

एटकेन यांचा जन्म 1851 साली साताऱ्यात झाला. वडील स्कॉटलंडहून आलेले मिशनरी. एटकेन यांचं शिक्षण इथेच झालं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काही वर्षं त्यांनी लॅटिन शिकवलं आणि 1876 च्या सुमारास ते मुंबई इलाख्याच्या जकात आणि मीठ खात्यात रुजू झाले.

या नोकरीत बदल्या आणि फिरती भरपूर होती. जाईल तिथले पक्षी, कीटक, सरडे, खेकडे ते न्याहाळत राहिले आणि ‘ईएचए’ या आद्याक्षरांनी त्यावर खुसखुशीत लेख लिहू लागले.

1883 साली मुंबईत काही निसर्गप्रेमींनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, म्हणजे आजची ‘बीएनएचएस’, स्थापन केली. संस्थापकांमध्ये डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासोबत एटकेनही होते.

कारवारमधले तीन सरकारी नोकर

पुढे एटकेन कारवारला गेले. गोव्याच्या सीमेला लागून असलेला हा उत्तर कॅनरा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. तिथे त्यांना दोन जोडीदार मिळाले: सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन आणि वनाधिकारी थॉमस बेल. कीटक हे तिघांपैकी कुणाचंच सरकारी काम नव्हतं.

त्यांची पद्धत मात्र एखाद्या शाळकरी पोरालाही जमेल अशी होती. अळी ज्या झाडावर सापडली, त्याच झाडाची पानं तिला खायला द्यायची. ती कात कधी टाकते, रंग कसा बदलते, कोष कसा बांधते हे लिहून ठेवायचं आणि कोषातून काय निघतं याची वाट बघायची.

यात घाई चालत नाही. पानं बदलायची राहिली, तर अळी मरते. कधी कोषातून फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाश्या निघतात, कारण त्यांनी अळीतच अंडी घातलेली असतात.

या चिकाटीतून डेव्हिडसन आणि एटकेन यांनी 1890 साली सोसायटीच्या जर्नलमध्ये अळ्या आणि कोषांवर लेख प्रसिद्ध केले. 1896 पासून तिघांनी मिळून उत्तर कॅनरातल्या फुलपाखरांवर लेखमाला लिहिली. अळी, कोष आणि खाद्यवनस्पती यांची ही माहिती पुढच्या अभ्यासकांच्या कामी आली. बेल निवृत्तीनंतरही कारवारलाच राहिले आणि 1948 मध्ये तिथेच वारले.

डासालाही मिळालं नाव

गोव्याच्या सीमेवर मलेरियाचा अभ्यास करताना एटकेन यांना सापडलेल्या डासाच्या एका जातीला त्यांचंच नाव मिळालं: ॲनोफिलीस एटकेनाय. निवृत्तीनंतर ते स्कॉटलंडला गेले. 1909 साली एडिंबरामध्ये त्यांचं निधन झालं.

आजच्या बरणीत काय ठेवायचं?

जालन्यातल्या घरातही हा प्रयोग करता येतो. लिंबू, बेल किंवा कढीपत्त्यावरची अळी पानासकट उचलायची. बरणीच्या तोंडाला जाळीचं कापड बांधायचं, कोरडी ताजी पानं रोज द्यायची आणि कोषासाठी आत एक काडी उभी ठेवायची. पानांवर फवारणी झालेली नसावी. अळीला डिवचलं, तर ती डोक्यामागून नारिंगी शिंगं काढते आणि उग्र वास सोडते. पोरांना याची भारी गंमत वाटते. फुलपाखरू निघालं, की पंख वाळू द्यायचे आणि त्याला सोडून द्यायचं.

अळीला दुसऱ्याच झाडाचं पान दिलं, तर ती बहुधा त्याला तोंडही लावत नाही. त्यामुळे जे झाड तोडलं जातं, त्यावर वाढणारं फुलपाखरूही तिथून कमी होतं. बरणीशी बसलेल्या मुलाला हे कुणी वेगळं शिकवावं लागत नाही. रोज कढीपत्ता आणायला तोच तर जातो.