मुधोजी भोसले (नागपूरकर)

मुधोजी भोसले (मृत्यू: १७८८) हे नागपूरकर भोसले घराण्यातील सेनानी आणि दुसरे रघूजी भोसले यांचे वडील होत. त्यांना ‘सेनाधुरंधर’ हा किताब होता. घराण्याचे प्रमुखपद, म्हणजे ‘सेनासाहेबसुभा’ हे पद, त्यांना स्वतःला कधीच मिळाले नाही. मात्र त्या पदासाठी झालेल्या भाऊबंदकीच्या युद्धाचे ते मुख्य नायक ठरले.

== वारसा ==
पहिल्या रघूजींचे १७५५ मध्ये निधन झाले. त्यांना जानोजी, मुधोजी, साबाजी व बिंबाजी असे चार पुत्र होते. जानोजी वयाने वडील, तर मुधोजी थोरल्या राणीचे पुत्र. वादाचे मूळ येथेच होते. अखेर जानोजींना सेनासाहेबसुभा पद, मुधोजींना चांदा, साबाजींना दारव्हा आणि बिंबाजींना छत्तीसगड अशी वाटणी झाली. जानोजी निपुत्रिक असल्याने त्यांनी मुधोजींचा मुलगा रघूजी याला वारस ठरवले.

== वऱ्हाडातील यादवी ==
१७७२ मध्ये जानोजी वारले आणि साबाजींनी पदावर हक्क सांगितला. जानोजींची पत्नी दर्याबाई यांनी साबाजींचा पक्ष घेतला. १७७३ मध्ये अकोल्याजवळील कुंभारी येथे दोन्ही भावांच्या फौजा भिडल्या, पण लढाई निर्णायक ठरली नाही. त्यानंतरची तडजोडही टिकली नाही. पुण्यात रघुनाथरावांचा कल मुधोजींकडे होता, तर बारभाई व निजाम साबाजींच्या बाजूने होते. त्यामुळे घरातले भांडण पुणे आणि हैदराबादच्या राजकारणाचे प्यादे बनले. वऱ्हाडात निजाम व भोसले या दोघांचाही वसूल चालत असे. अशा दुअमली मुलखात फौजा फिरू लागल्या की भार पडे तो पायनघाटातील कापूस-ज्वारी पिकवणाऱ्या रयतेवर. या बाजूकडे इतिहासग्रंथांनी फारसे लक्ष दिलेले नाही.

१७७५ मध्ये नागपूरच्या दक्षिणेस पाचगाव येथे अखेरची लढाई झाली. मुधोजींची बाजू पडत आली होती आणि त्यांचा हत्ती वेढला गेला होता. विजय हाती आला असे समजून साबाजी हत्तीवरूनच त्यांच्याजवळ गेले. त्या वेळी मुधोजींनी झाडलेल्या गोळीने साबाजी ठार झाले आणि हरलेली लढाई एका क्षणात फिरली.

== गाविलगड व नरनाळा ==
भावाचा अडसर दूर झाला, तरी निजामाचा प्रश्न उरला. निजामाने इब्राहिम बेग धौंसा याला फौजेसह पाठवले, तेव्हा मुधोजींनी गाविलगड व नरनाळा हे किल्ले देऊन तह केला. सातपुड्यातून पायनघाटात उतरणाऱ्या वाटांवर या दोन किल्ल्यांची नजर असल्याने ही किंमत लहान नव्हती. पुढे एलिचपूर येथे निजामाशी समेट होऊन किल्ले परत मिळाले.

== उत्तरकाळ ==
यानंतर मुधोजींनी मुलाच्या नावाने कारभार पाहिला. दिवाकरपंत चोरघडे हे त्यांचे दिवाण होते. नाना फडणवीस, निजाम व हैदर यांच्या इंग्रजविरोधी आघाडीत ते सामील झाले. बंगालवर स्वारीसाठी त्यांनी पुत्र खंडोजी ऊर्फ चिमणाबापू यांना कटककडे रवाना केले, परंतु इंग्रजांशी आतून बोलणी सुरू असल्याने ही स्वारी जाणूनबुजून रेंगाळत ठेवली गेली.

१७८८ मध्ये मुधोजींचे निधन झाले व कारभार दुसऱ्या रघूजींच्या हाती आला. १८०३ मध्ये अडगाव व गाविलगड येथील पराभवानंतर देवगावच्या तहाने रघूजींना वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड सोडावे लागले; गाविलगड व नरनाळा हे दोन किल्ले मात्र त्यांच्याकडेच राहिले.