आभाळाचं भाडं

२०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते दिवस आपण विसरलेलो नाही. तेव्हा नांदेडजवळच्या एका गावात बचत गटाच्या बैठकीत एका मावशींनी मला विचारलं होतं, की इथं प्यायला पाणी नाही आणि सरकार आभाळात रॉकेटं कशाला सोडतं? मी पडले आर्ट्सची पदवीधर. उत्तर काही देता आलं नाही. मग वाचायला बसले, तेव्हा डॉ. विक्रम साराभाईंची खरी ओळख झाली. हाच प्रश्न लोक त्यांनाही विचारत होते.

साराभाईंचा जन्म १२ ऑगस्ट १९१९चा, अहमदाबादच्या गिरणीमालकाच्या घरातला. केंब्रिजला शिकत असताना महायुद्ध पेटलं म्हणून ते परतले आणि बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली काम करू लागले. १९४२ साली नृत्यांगना मृणालिनींशी त्यांचं लग्न झालं. गिरण्या सांभाळून सुखात राहता आलं असतं. पण १९४७ साली त्यांनी अहमदाबादला भौतिकशास्त्राची संशोधन प्रयोगशाळा काढली. पुढे केरळात थुंबा या मच्छीमारांच्या गावी, चर्चच्या इमारतीत ऑफिस थाटलं. रॉकेटचे भाग चक्क सायकलवरून नेले जायचे! २१ नोव्हेंबर १९६३ला तिथून पहिलं रॉकेट उडालं. तेही अमेरिकेतून आलेलं.

आता रॉकेट एवढं महाग का, ते बघू. एखादी वस्तू नुसती उंच नेऊन भागत नाही, ती दगडासारखी खाली येणार. पृथ्वीभोवती फिरत राहायचं तर सेकंदाला जवळजवळ आठ किलोमीटर वेग लागतो. एक किलो वजनाला तेवढा वेग आणि उंची द्यायला लागणारी ऊर्जा आपल्या मीटरवर मोजली तर जेमतेम नऊ-दहा युनिट! मग पैसा जातो कुठं?

बैलगाडीनं लांबच्या जत्रेला निघालो आणि वाटेत कुठंच कडबा मिळणार नसेल, तर सगळा गाडीतच भरावा लागेल. ओझं वाढलं की बैल वाढवायचे, मग त्यांच्यासाठी आणखी कडबा. रॉकेटचं असंच होतं. बहुतेक इंधन इंधनालाच वर न्यायला खर्ची पडतं. शिवाय एवढं महागाचं यंत्र अनेकदा एकदाच कामाला येतं.

म्हणून साराभाईंनी ठरवलं, उसन्या रॉकेटवर भागणार नाही, इंधनासकट सगळं इथंच करायचं. आपले मराठी शास्त्रज्ञ डॉ. वसंत गोवारीकर १९६७ साली थुंब्याला आले आणि घन इंधनाच्या कामाला लागले. १९६९ साली इस्रो स्थापन झाली. त्याच वर्षी अमेरिकेच्या उपग्रहावरून आपल्या खेड्यांत टीव्ही दाखवण्याचा करार झाला. चंद्रावर जाण्याची चढाओढ त्यांना करायची नव्हती. त्यांना हवे होते शिक्षण, शेतीची माहिती आणि हवामानाचा अंदाज.

फळ मात्र त्यांना बघायला मिळालं नाही. ३० डिसेंबर १९७१ला, अवघ्या ५२व्या वर्षी ते गेले. १९७५-७६ साली सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत टीव्ही पोचला, शेजारच्या कर्नाटक-आंध्रातही. १८ जुलै १९८०ला आपल्या रॉकेटनं आपला उपग्रह वर नेला. उपग्रह ३५ किलोचा आणि रॉकेट १७ टनांचं!

आज पेरणीआधी आपण मोबाईलवर पावसाचा अंदाज बघतो, त्यामागं उपग्रहच असतात. मावशींना मी आता एवढं नक्की सांगेन. पण ढग दिसले म्हणून घरात नळ येत नाही. ते काम जमिनीवरच्या माणसांचं, आणि मावशींनी तो प्रश्न विचारत राहायलाच हवा.