शेळीचे दूध आणि व्रताचा पेच

महात्मा गांधींच्या आहारातील शेळीचे दूध सर्वपरिचित आहे. मात्र ते त्यांनी मोठ्या नाइलाजाने स्वीकारले होते. गायी-म्हशींचे अधिक दूध काढण्यासाठी होणाऱ्या ‘फुंका’ या क्रूर प्रकाराने व्यथित होऊन, दक्षिण आफ्रिकेत १९१२ मध्ये त्यांनी दूध वर्ज्य केले होते.

१९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायपीट करताना त्यांना आमांशाने गाठले. प्रकृती इतकी खालावली की जगण्याची आशाच मावळली. माथेरानचा मुक्कामही मानवला नाही. अखेर मुंबईत डॉ. दलाल यांनी, दूध घेतल्याखेरीज शरीर सावरणार नाही, असे स्पष्ट बजावले. व्रत आडवे आले. तेव्हा शेळीच्या दुधाचा मार्ग सुचवला तो कस्तुरबांनी!

सत्याग्रहाचा लढा समोर होता आणि त्यासाठी जगणे भाग होते. व्रत घेताना मनात गाय-म्हैसच होती, असे मानून गांधीजींनी होकार दिला. शब्द पाळला गेला, पण व्रताचा आत्मा दुखावला, याची कबुली त्यांनी आत्मचरित्रात दिली आहे. ही बोच उरलीच. दूधही सुटले नाही. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेल्यावरही त्यांच्या आहारात तेच होते.