आविलाची तेरेसा आणि मठातली बैठकीची खोली

दरवर्षी १५ ऑक्टोबरला ख्रिस्तसभा आविलाच्या संत तेरेसाचा सण साजरा करते. तेरेसा म्हटले की आपल्यापुढे कोलकात्याच्या मदर तेरेसा उभ्या राहतात, नाहीतर गुलाबाची फुले घेतलेली लिझ्यूची छोटी तेरेसा. ही त्या दोघींच्या खूप आधीची. स्पेनमधल्या आविला शहरी २८ मार्च १५१५ रोजी तिचा जन्म झाला. तिने सतरा मठ स्थापले, प्रार्थनेवर ग्रंथ लिहिले आणि १९७० साली पोप सहावे पॉल यांनी तिला ख्रिस्तसभेची धर्मपंडिता म्हणून घोषित केले. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री. पण आज आम्ही तिच्याविषयी लिहीत आहोत ते वेगळ्या कारणाने. या थोर संत स्त्रीची जवळजवळ वीस वर्षे लहानसहान चुका करण्यात आणि त्यांना कारणे शोधण्यात गेली.

१५३५ साली, विशीत असताना, तेरेसा आविलाच्या इन्कार्नेशन मठात दाखल झाली. पुढे ती इतकी आजारी पडली की १५३९ साली चार दिवस बेशुद्ध होती, आणि मठात तिच्यासाठी थडगेही खणून ठेवले होते. त्यातून ती वाचली, पण चालू-फिरू लागायला सुमारे तीन वर्षे लागली.

त्या मठात दीडशेहून अधिक धर्मभगिनी राहत. सगळ्यांना पुरेल इतके उत्पन्न मठाला नव्हते. म्हणून बाहेरची प्रतिष्ठित मंडळी भेटायला आली, मदत देऊन गेली, तर ती हवीच असे. तेरेसा दिसायला देखणी, बोलण्यात चतुर, सर्वांना हवीहवीशी. बैठकीच्या खोलीत तिच्याभोवती तासन्‌तास गप्पा रंगत. त्यात वावगे असे काही नव्हते. मठाच्या नियमाने मनाई नव्हती, इतर भगिनीही तेच करत होत्या. एका वयस्कर नातेवाईक भगिनीने तिला अनेकदा सावध केले, तेव्हा तेरेसाला तिचाच राग आला.

पापनिवेदन ऐकणारे काही धर्मगुरूही तिला सांगत की यात काही बिघडत नाही. त्यांनी क्षम्य पापाला पापच मानले नाही, असे तिने पुढे खेदाने लिहून ठेवले. अर्धवट शिकलेल्या धर्मगुरूंनी आपले फार नुकसान केले, असे तिचे मत होते. तरी दोष तिने त्यांच्यावर ढकलला नाही. आपल्याला तेच ऐकायला हवे होते, हे ती जाणून होती. आपणही मिस्साला दहा मिनिटे उशिरा पोहोचलो की आपल्याहून उशिरा कोण आले ते आधी पाहतो!

तिच्या आत्मचरित्रातला एक प्रसंग आम्हाला सर्वांत जास्त बोचतो. तिने आपल्या वडिलांना, दोन आलोन्सो यांना, मनन-प्रार्थना शिकवली होती आणि ते त्यात खूप पुढे गेले होते. इकडे तेरेसाने मात्र स्वतःची प्रार्थना सोडून दिली. आपल्यासारखीने देवाशी सलगी करणे योग्य नाही, अशी नम्रता तिने पांघरली. वडील भेटायला येत, प्रार्थनेविषयी बोलत. शेवटी आपण आता प्रार्थना करत नाही असे तिने त्यांना सांगितले, आणि कारण दिले आजारपणाचे. आजार खराच होता. रोज सकाळी उलट्या होत. पण प्रार्थना थांबली होती ती त्यामुळे नव्हे. वडिलांनी विश्वास ठेवला, मुलीची कीव केली. पुढे ते भेटीला आले तरी लवकर उठू लागले, कारण गप्पांत वेळ घालवणे त्यांना नकोसे झाले होते. तेरेसा बैठकीच्या खोलीतच राहिली.

१५४३ साली वडील वारले. त्यांची शेवटची शुश्रूषा तिनेच केली. त्यांचे पापनिवेदन ऐकणारे डोमिनिकन धर्मगुरू विन्सेंत बार्रोन यांच्यापुढे तिने मन मोकळे केले आणि त्यांच्या सांगण्यावरून प्रार्थना पुन्हा धरली. गप्पा मात्र सोडल्या नाहीत. प्रार्थनेत बसले की त्या गप्पा टोचत, गप्पांत बसले की देव आठवे. अशी कितीतरी वर्षे गेली. १५५४ साली जखमांनी भरलेल्या येशूच्या मूर्तीपुढे ती ढसाढसा रडली, तिथून तिच्या जीवनाला वळण लागले. तरीही काही मैत्री सुटेना. त्यात देवाचा अपराध नसेल तर लोकांशी कृतघ्न का व्हावे, असा तिचा सवाल होता. येशूसंघीय धर्मगुरू हुआन दे प्रादानोस यांनी वाद घातला नाही. काही दिवस हे देवापुढे ठेव आणि पवित्र आत्म्याचे स्तोत्र म्हण, एवढेच त्यांनी सांगितले. तिने ते केले. एके दिवशी ते स्तोत्र म्हणताना देवाने तिला असे काही स्पर्शिले की मनातली ती ओढ गळून पडली. इतकी वर्षे स्वतःच्या बळावर जे जमले नव्हते, ते एका साध्या आज्ञेत राहून झाले.

त्यानंतरची तेरेसा आज्ञेबाबत फार काटेकोर झाली. येशूचे दर्शन घडत असताना ते सैतानाचे समजून हाताने हेटाळणीची खूण कर, अशी आज्ञा तिला झाली. जिवावर आले तरी तिने ती पाळली. एका धर्मगुरूने तिचे एक लिखाण जाळायला सांगितले, तिने ताबडतोब जाळले. (इतरांनी नकला करून ठेवल्या होत्या, म्हणून ते आज वाचायला मिळते.)

१५८२ च्या सप्टेंबरात ती आजारी होती आणि तिला आविलाला आपल्या मठात परतायचे होते. वाटेत वरिष्ठांची आज्ञा आली की आल्बा दे तोर्मेसला जावे, कारण तिथल्या डचेसबाईंच्या सुनेचे बाळंतपण जवळ आले आहे. ज्या आजाराचे कारण तिने एकेकाळी वडिलांना दिले होते, त्याहून मोठा आजार आता अंगात होता. ती काही न बोलता वळली. पोहोचण्याआधीच बाळ सुखरूप जन्मल्याचे कळले. आल्ब्याच्या मठात तिने अंथरूण धरले, भगिनींची क्षमा मागितली, स्तोत्र ५१ मधल्या पश्चात्तापाच्या ओळी पुन्हा पुन्हा म्हटल्या आणि ४ ऑक्टोबरच्या रात्री प्राण सोडला. त्याच रात्री पोप तेरावे ग्रेगरी यांचे नवे कॅलेंडर लागू झाले आणि दुसऱ्या दिवसाची तारीख १५ ऑक्टोबर झाली.