साने गुरुजी : कोठडीतून जग पाहिलेला माणूस

साने गुरुजी म्हटलं की बहुतेकांना दोनच गोष्टी आठवतात. एक ‘श्यामची आई’ आणि दुसरं डोळ्यांतलं पाणी. हॉस्टेलमध्ये कुणी जरा हळवं झालं की त्याला लगेच साने गुरुजी म्हणून चिडवतात. घरून फोन आल्यावर रडणाऱ्या फर्स्ट इयरच्या मुलींना तर हमखास! मला मात्र इथे जरा वेगळ्या गुरुजींबद्दल लिहायचं आहे. ज्या माणसाने जगातले देश पुस्तकांतून पाहिले आणि मग खेड्यापाड्यांतल्या मराठी मुलांना ते दाखवले, त्या गुरुजींबद्दल.

त्यांच्या आयुष्याचा नकाशा काढला तर तो फार मोठा होत नाही. कोकणातलं पालगड, मग औंध, पुणे, खानदेशातलं अमळनेर, शेवटी मुंबई. मधे मधे धुळे, नाशिक, येरवडा असे तुरुंग. सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे त्रिचनापल्ली, आणि तोही सरकारी खर्चाने, कैदी म्हणून! परदेश त्यांनी पाहिलाच नाही. तरी इंग्लंडमधलं खेडं, फ्रान्समधला कैदी, इराणमधले योद्धे, रशियातला टॉलस्टॉय हे सगळे त्यांच्या लेखणीतून मराठीत आले. हे कसं झालं ते सांगते.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालगडचा. घराणं खोताचं, पण त्यांच्या लहानपणी घरची परिस्थिती पार ढासळलेली. गरीब मुलांची शिक्षणाची सोय होते असं कळल्यावर हा मुलगा औंध संस्थानात गेला, तिथून पुण्याला. अर्धपोटी राहून शिकला. १९१७ साली आई गेली तेव्हा तो तिच्याजवळ नव्हता. पुढचं सगळं ‘श्यामची आई’मध्ये आहेच, ते मी पुन्हा सांगत बसत नाही. तत्त्वज्ञानात एम.ए. करताना ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि १९२४ साली तिथल्याच हायस्कूलमध्ये शिक्षक झाले.

आता खरी गोष्ट सुरू होते, कारण गुरुजी लवकरच शाळेच्या हॉस्टेलचे प्रमुख झाले. म्हणजे आपल्या भाषेत रेक्टर! पण कसले रेक्टर? मुलांच्या खोल्या स्वतः झाडायच्या, अस्ताव्यस्त पडलेले कपडे घड्या घालून ठेवायचे, कुणी आजारी पडलं तर रात्रभर उशाशी बसायचं. मुलांना लाज वाटून ती आपोआप सुधारत. (आमच्या रेक्टर मॅडमनी हा भाग वाचून कृपया काही मनावर घेऊ नये. आमच्या खोल्या झाडायला एकटा माणूस पुरणार नाही.) पण मला त्याहून भारी वाटलेली गोष्ट म्हणजे ‘छात्रालय दैनिक’. गुरुजी हॉस्टेलसाठी चक्क रोज एक हस्तलिखित अंक काढत. झेरॉक्स नाही, प्रिंटर नाही. शाळेत दिवसभर शिकवून झाल्यावर लिहायला बसायचं आणि सकाळी मुलांच्या हातात अंक. आपला हा अंक वर्षातून एकदा निघतो आणि तेवढ्यासाठी संपादक मंडळ तीन महिने लेख द्या, लेख द्या म्हणून मागे लागतं. तिथे एक माणूस रोज लिहीत होता! १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ नावाचं छापील मासिकही सुरू केलं.

विचार करा, त्या हॉस्टेलमधली मुलं कोण होती? खानदेशातल्या खेड्यांतून आलेली, बरीचशी शेतकऱ्यांची. इंग्रजी पुस्तक हातात पडणं अवघड आणि पडलं तरी कळणं त्याहून अवघड. त्यांच्या आणि जगाच्या मधे एक माणूस उभा होता, जो स्वतः इंग्रजी वाचत होता आणि मुलांना मराठीत सांगत होता. सगळं शिक्षण इंग्रजीत झालेल्या माझ्यासारखीला हे पटकन लक्षात येत नाही. आम्हाला पुस्तकं मिळाली होती. सांगणारं कुणी मिळालं नव्हतं.

१९३० मध्ये गुरुजींनी नोकरी सोडली आणि सत्याग्रहात उडी घेतली. आधी धुळ्याचा तुरुंग, मग त्रिचनापल्ली. तिथे आजूबाजूला दक्षिणेतले कैदी. त्यांची भाषा कळत नाही, त्यांना आपली कळत नाही. म्हणजे पहिला परका देश त्यांना आपल्याच देशात भेटला! नुसतं हसून, खुणा करून त्यांना भागवता आलं असतं. पण ते त्या भाषा शिकायला बसले. तमिळमधलं ‘कुरल’ त्यांनी मराठीत आणलं. प्रत्येक भारतीयाने दुसऱ्या प्रांताची भाषा आणि साहित्य शिकावं, या त्यांच्या ‘आंतरभारती’ कल्पनेचं मूळ त्या तुरुंगात आहे. आमच्या मेसच्या टेबलावर हैदराबादची, बिहारची मुलं असतात. चार वर्षांत आम्ही त्यांच्याकडून जे शब्द शिकतो ते इथे छापण्यासारखे नसतात, ते असो.

१९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली. ती गुरुजींनी भराभर लिहून घेतली म्हणून आज आपल्याला ‘गीता प्रवचने’ वाचायला मिळतात. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून काढली. पाच दिवस! आपलं एक सबमिशन पाच दिवसांत होत नाही.

आता मूळ मुद्दा. मुलांसाठी त्यांनी ‘गोड गोष्टी’ नावाची माला लिहिली. तिच्यातलं ‘मनूबाबा’ हे जॉर्ज एलियटच्या ‘सायलस मार्नर’वरून घेतलेलं. मूळ कादंबरी १८६१ सालची, लिहिणारी बाई, पण नाव पुरुषाचं घेतलेलं. एकटा राहणारा विणकर, त्याचं साठवलेलं सोनं चोरीला जातं आणि एका थंडीच्या रात्री त्याच्या घरात सोनेरी केसांची एक लहान पोर येते. ‘दुःखी’ म्हणजे व्हिक्टर ह्यूगोची ‘ले मिझराब्ल’. पावाच्या तुकड्यासाठी तुरुंगात गेलेल्या माणसाची गोष्ट. ह्यूगोने ती आपल्या देशाबाहेर हद्दपारीत असताना पूर्ण केली आणि १८६२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ती मराठीत सांगणारे गुरुजीही तुरुंग भोगलेले. म्हणूनच कैद्याचं दुःख त्यांनी डिक्शनरी बघून लिहिलेलं वाटत नाही. ‘सोराब व रुस्तुम’ इराणमधली, बापाच्या हातून नकळत मुलगा मरतो ती. याशिवाय टॉलस्टॉयचं कलेवरचं पुस्तक ‘कला म्हणजे काय?’ या नावाने आणि हेन्री थॉमसचं जगाच्या इतिहासावरचं ‘मानवजातीची कथा’ या नावाने.

शाळेत आम्हाला ‘सायलस मार्नर’ची छोटी आवृत्ती होती. प्रश्नोत्तरं पाठ होती, कॅरेक्टर स्केच पाठ होतं. पण हा माणूस दिवसभर ज्या मागावर बसतो तो कसा खटखट वाजतो, याचा मी कधी विचारसुद्धा केला नव्हता. खरं तर सोलापूर इथून दीड-दोन तासांवर! आमच्या वर्गातल्या एकीचे आजोबा तिथे आयुष्यभर चादरी विणत होते. तिने ‘मनूबाबा’ वाचलं तेव्हा ती मला मागाबद्दलच अर्धा तास सांगत होती. इंग्लंडमधला विणकर तिच्या घरात जाऊन बसला होता.

पण इथे माझी गुरुजींशी थोडी तक्रार आहे. या गोष्टी सांगताना त्यांनी माणसं आपल्याकडची करून टाकली. त्यामुळे गोष्ट जवळची होते, पण देश पुसला जातो. इंग्लंडमधलं ते दमट हवेचं खेडं, तिथलं चर्च, तिथली दारू प्यायची जागा, हे सगळं आपल्या गावासारखं झालं तर मुलाला कळणार कसं की जगात वेगळंही काही असतं? परदेश बघायला गेलो आणि सगळीकडे आपलंच घर दिसलं असं होतं. ‘मानवजातीची कथा’ मला त्यासाठी जास्त आवडतं. त्यात ग्रीस हा ग्रीसच राहतो आणि चीन हा चीनच. मात्र १९४० च्या आसपासच्या खेड्यातल्या दहा वर्षांच्या मुलाला पहिलं पुस्तक कोणतं द्यावं असं विचाराल, तर मीही ‘मनूबाबा’च देईन. आधी माणूस ओळखीचा व्हायला हवा, देशाचं नाव मग विचारता येतं.

आणि आपणही कुणासाठी तरी परदेशच आहोत की! साधारण दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक भाषेतल्या व्यापाऱ्याने समुद्रमार्गांची माहिती देणारं एक पुस्तक लिहिलं, ‘पेरिप्लस’. त्यात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नावाचं मोठं शहर असल्याचं लिहिलं आहे. तिथून कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जायचं. हे तगर म्हणजे आपलं तेर, गोरोबाकाकांचं! आज एसटीच्या गर्दीत उभं राहून आपण जातो त्या तेरचं नाव तेव्हा इजिप्तमध्ये बसून कुणीतरी वाचत होतं. तेरच्या कुठल्या विणकराचं कापड ते, हे मात्र त्या पुस्तकात नाही. गुरुजींनी लिहिलं असतं तर आधी त्या विणकराबद्दलच लिहिलं असतं.

वाचणारा माणूस पुस्तकात रमतो आणि बाहेरचं विसरतो असं म्हणतात. गुरुजींच्या बाबतीत उलट झालं. सगळ्या जगातली माणसं आपली वाटणाऱ्या या माणसाला पंढरपूरचं बंद दार सहन होईना. चोखामेळ्याची समाधी देवळाच्या दाराबाहेर आणि शेकडो वर्षांनंतरही त्याच्या लोकांना आत प्रवेश नाही. गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राणांतिक उपोषण सुरू केलं. दहा दिवस उलटल्यावर दार उघडायचं ठरलं. ह्यूगोच्या कादंबरीत उपाशी माणसासाठी एक बिशप दार उघडतो. इथे दार उघडावं म्हणून एक माणूस उपाशी राहिला.

पुढची वर्षं वाईट होती. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींचा खून झाला आणि गुरुजींनी २१ दिवस उपवास केला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केलं. आपला जिल्हा तेव्हा अजून निजामाच्या राज्यात होता, सुटायला महिनाभर बाकी. ‘साधना’तून ते आपली पुतणी सुधा हिला पत्रं लिहीत, ती पुढे ‘सुंदर पत्रे’ म्हणून पुस्तकात आली. १९४९ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली. आणि ११ जून १९५० रोजी झोपेच्या गोळ्या घेऊन त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. वय पन्नास. हे वाक्य लिहायला मला जड गेलं, पण चरित्र लिहायचं तर ते गाळता येत नाही. हळवं असणं ही चिडवायची गोष्ट नाही, एवढं मात्र आमच्या कॉरिडॉरमध्ये सांगायला मी आता घाबरत नाही.

गुरुजींचं नाव आपल्या जिल्ह्यातही वेगळ्या वाटेने पोचलेलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर उमरगा, लोहारा भागातली किती मुलं उघड्यावर आली. त्यांच्यासाठी नळदुर्गला ‘आपलं घर’ उभं राहिलं ते सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी उभं केलं, म्हणजे गुरुजींना मानणाऱ्या माणसांनी. तिथे वाढलेल्यांतले बरेच आज स्वतः आईबाप असतील.

पुस्तकं मिळत नाहीत ही सबब मात्र आता चालणार नाही. गुरुजींना जाऊन साठ वर्षं झाली तेव्हाच त्यांच्या लिखाणावरचा कॉपीराइट संपला. त्यामुळे त्यांची कितीतरी पुस्तकं मोबाईलवर फुकट वाचता येतात. मी सध्या ‘इस्लामी संस्कृती’ वाचते आहे. हे त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं. अरबस्तानातलं वाळवंट, तिथल्या टोळ्या, पैगंबरांचं आयुष्य, सगळं त्याच साध्या, जरा पाल्हाळिक मराठीत. धाराशिवच्या ख्वाजा शमसुद्दीन गाझींच्या दर्ग्याच्या उरुसाला आम्ही दरवर्षी जातो. पाळण्यात बसतो, भजी खाऊन परत येतो. यंदा जाईपर्यंत हे पुस्तक संपवायचं ठरवलंय. छापील प्रत एकच मिळाली आहे आणि रूम नंबर १४ मधल्या दोघींनी आधीच नंबर लावून ठेवलाय.