पांडुरंग वामन काणे

महामहोपाध्याय डॉ. पांडुरंग वामन काणे (७ मे १८८० – १९७२) हे संस्कृतचे पंडित, कायदेतज्ज्ञ आणि धर्मशास्त्राचे इतिहासकार होते. 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र' हा त्यांचा पाच खंडांचा इंग्रजी ग्रंथ पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९३० ते १९६२ या काळात प्रसिद्ध केला. त्याची पृष्ठसंख्या सहा हजारांहून अधिक आहे. प्रत्येक विधानाचा आधार ग्रंथ, स्थान आणि बहुधा मूळ संस्कृत वचनासह तळटिपेत देण्याची शिस्त हे या ग्रंथाचे ठळक वैशिष्ट्य होय. या कार्यासाठी १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च नागरी सन्मान देण्यात आला.

बालपण आणि शिक्षण

काणे यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यात, चिपळूणजवळील पेढे (परशुराम) या गावी आजोळी झाला. त्यांचे वडील वामन शंकर काणे दापोलीत वकिली करीत. घरात वैदिक परंपरा आणि वडिलांचा व्यवसाय कायद्याचा, अशा दोन्ही संस्कारांत त्यांचे बालपण गेले. दापोलीच्या मिशन हायस्कुलातून मॅट्रिक झाल्यावर ते मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात दाखल झाले. संस्कृत विषय घेऊन त्यांनी बी.ए. (१९०१) व एम.ए. (१९०३) या पदव्या मिळविल्या. पुढे त्यांनी कायद्याचा अभ्यास केला आणि १९१२ मध्ये एल्‌एल.एम. ही पदवी संपादन केली.

अध्यापन आणि वकिली

१९०४ पासून काही वर्षे काणे रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात शिक्षक होते. १९०७ मध्ये ते मुंबईच्या एल्‌फिन्स्टन हायस्कुलात आले. १९११ मध्ये सरकारी नोकरी सोडून त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिलीला आरंभ केला. १९१७ ते १९२३ या काळात ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात कायद्याचे प्राध्यापक होते.

या दुहेरी व्यवसायाचा त्यांच्या संशोधनाशी निकटचा संबंध आहे. न्यायालयात निव्वळ मताला किंमत नसते. कोणत्या निवाड्याच्या वा अधिनियमाच्या आधारे एखादा मुद्दा मांडला, हे वकिलाला नेमकेपणाने सांगावे लागते आणि प्रतिपक्षाला तो आधार तपासता येतो. शास्त्रग्रंथांच्या अभ्यासातही काण्यांनी हाच दंडक पाळला. त्या काळी हिंदूंच्या दत्तक, वारसा, स्त्रीधन, वाटणी इत्यादी बाबींचे निर्णय न्यायालये धर्मशास्त्राच्या आधारे देत असत. त्यामुळे एखाद्या वचनाचा पाठ शुद्ध आहे की नाही, ते खरोखर त्या स्मृतीतील आहे की नाही, हा प्रश्न केवळ पंडितांच्या कुतूहलाचा नव्हता. त्यावर एखाद्या विधवेचा किंवा दत्तक पुत्राचा मालमत्तेवरील हक्क अवलंबून असे.

व्यवहारमयूखाची आवृत्ती

काण्यांच्या मुख्य ग्रंथाचा उगम एका प्रस्तावनेत आहे. नीलकंठ भट्ट याच्या 'व्यवहारमयूख' या संस्कृत ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती त्यांनी १९२६ मध्ये प्रसिद्ध केली. नीलकंठ हा १७ व्या शतकाच्या पूर्वार्धातील काशीचा पंडित असून त्याचे घराणे मूळचे पैठणचे होते. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण या भागांत न्यायालये व्यवहारमयूखाला विशेष प्रमाण मानीत. विश्वनाथ नारायण मंडलिक यांनी इंग्रजी भाषांतरासह हा ग्रंथ १८८० मध्ये, म्हणजे काण्यांच्या जन्मवर्षीच, प्रसिद्ध केला होता.

आवृत्तीच्या प्रस्तावनेत धर्मशास्त्राच्या वाङ्‌मयाचा थोडक्यात आढावा घ्यावा, असा काण्यांचा मूळ संकल्प होता. परंतु नीलकंठाने उल्लेखिलेल्या प्रत्येक ग्रंथकाराचा माग काढताना विषय वाढत गेला. प्रस्तावनेत तो सामावणे शक्य नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिण्याचे ठरविले. त्याचा पहिला खंड प्रसिद्ध झाला तेव्हा ते ५० वर्षांचे होते आणि पाचव्या खंडाचा अखेरचा भाग बाहेर पडला तेव्हा ८२ वर्षांचे.

धर्मशास्त्राचा इतिहास

पहिला खंड (१९३०) धर्मसूत्रांपासून अर्वाचीन निबंधग्रंथांपर्यंतच्या ग्रंथांचा आणि ग्रंथकारांचा कालानुक्रमे परिचय करून देतो. दुसऱ्या खंडात (१९४१, दोन भाग) वर्ण, आश्रम, संस्कार, आचार आणि दान हे विषय आहेत. तिसऱ्या खंडात (१९४६) राजधर्म व व्यवहार, चौथ्यात (१९५३) प्रायश्चित्त, अंत्येष्टी, श्राद्ध व तीर्थयात्रा, तर पाचव्यात (१९५८ व १९६२) व्रते, उत्सव, कालगणना, पुराणे, तंत्र आणि मीमांसा यांचा विचार केलेला आहे.

नंतरच्या खंडांतील विषयविवेचन सुरू करण्यापूर्वी आधारग्रंथांची छाननी पूर्ण करावी, ही या मांडणीमागील दृष्टी होय. कोणता ग्रंथ कोणाचा, तो कोणत्या काळातील, त्याच्या नावावर चालणारे किती वचन विश्वसनीय, हे ठरल्याशिवाय त्यातील वचनांवर इतिहास रचता येत नाही. पहिल्या खंडाच्या शेवटी धर्मशास्त्रावरील ग्रंथांची आणि ग्रंथकारांची विस्तृत सूची जोडलेली आहे. एखादा ग्रंथ छापील आहे की हस्तलिखित, हस्तलिखित असल्यास ते कोणत्या संग्रहाच्या यादीत नोंदलेले आहे, अन्य कोणी त्याचा उल्लेख केला आहे, अशी माहिती या नोंदींत संक्षेपाने मिळते. जर्मन विद्वान थिओडोर आउफ्रेश्ट यांनी १८९१ ते १९०३ या काळात सिद्ध केलेल्या संस्कृत हस्तलिखितांच्या महासूचीसारखी साधने या कामी उपयोगी पडली.

संदर्भ देण्याची पद्धत

जुने निबंधकार स्मृतींतील वचने विपुल प्रमाणात उद्धृत करीत. मात्र अध्याय व श्लोक यांचे क्रमांक ते सहसा देत नसत. ग्रंथकाराचे नुसते नाव पुरेसे मानले जाई. कित्येकदा तेही न देता काही लोक असे म्हणतात, एवढाच निर्देश असे. ग्रंथ मुखोद्गत असणाऱ्या वाचकवर्गात ही रीत चालून गेली. पण हस्तलिखितांच्या प्रती होत असताना नावे बदलली. एकच श्लोक एका निबंधात मनूच्या आणि दुसऱ्यात बृहस्पतीच्या नावावर आढळू लागला. मनूच्या नावाने दिलेली अनेक वचने आज उपलब्ध असलेल्या मनुस्मृतीत सापडतच नाहीत.

काण्यांच्या संदर्भपद्धतीचे चार विशेष सांगता येतात. पहिला, वारंवार येणाऱ्या ग्रंथांसाठी त्यांनी ठरावीक संक्षेप वापरले आणि त्यांची यादी वाचकाच्या हाती दिली. त्यामुळे हजारो तळटिपा आटोपशीर राहिल्या. दुसरा, स्थाननिर्देश नेमका केला: स्मृती असेल तर अध्याय व श्लोक, सूत्र असेल तर सूत्रक्रमांक, निबंधग्रंथ असेल तर पृष्ठ. एकाच ग्रंथाच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत पृष्ठे बदलत असल्याने कोणती आवृत्ती वापरली हे सांगणे त्यांना आवश्यक वाटले.

तिसरा विशेष म्हणजे प्रत्यक्ष पाहिलेला आधार आणि दुसऱ्याच्या ग्रंथातून मिळालेला आधार यांतील भेद. लुप्त स्मृतीतील वचन एखाद्या टीकेत आढळले असेल, तर ते तेथे उद्धृत आहे असे त्यांनी नोंदविले. मूळ ग्रंथ पाहिल्याचा आभास निर्माण केला नाही. शोधनिबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यालाही हा भेद पाळावा लागतो. कारण मधल्या लेखकाचा दोष न तपासता पुढे नेणे हा संदर्भलेखनातील सर्वांत सहज घडणारा प्रमाद आहे.

चौथा विशेष म्हणजे मूळ संस्कृत वचने तळटिपांत सविस्तर छापणे. यामुळे ग्रंथाचा विस्तार वाढला. त्याचे कारण काण्यांनीच प्रस्तावनेत दिले आहे. सर्व आधारग्रंथ असणारी सुसज्ज ग्रंथालये भारतात फार थोडी आहेत, तेव्हा मूळ वचन वाचकाला त्याच पानावर मिळावे, असा त्यांचा हेतू होता. लहान गावातील अभ्यासक किंवा वकील काण्यांचा अर्थ आणि मूळ वचन शेजारी ठेवून पाहू शकत असे व न पटल्यास तो नाकारूही शकत असे.

उद्धरणांवरून कालनिर्णय

बहुसंख्य धर्मशास्त्रकारांनी आपला काळ सांगितलेला नाही. अशा वेळी कोण कोणाचा उल्लेख करतो, हाच कालनिर्णयाचा मुख्य पुरावा ठरतो. ग्रंथकार ज्यांचा नामनिर्देश करतो त्यांच्यानंतरचा असतो आणि जे त्याचा नामनिर्देश करतात त्यांच्या आधीचा. याज्ञवल्क्यस्मृतीवरील 'मिताक्षरा' या टीकेचा कर्ता विज्ञानेश्वर हे याचे चांगले उदाहरण आहे. तो विश्वरूप, मेधातिथी आणि धारेश्वर म्हणजे धारचा राजा भोज यांचा उल्लेख करतो. भोजाचा काळ ११ व्या शतकाचा पूर्वार्ध असल्याने मिताक्षरा त्यानंतरची ठरते. दुसऱ्या बाजूने, १२ व्या शतकातील लक्ष्मीधराच्या 'कृत्यकल्पतरू'त विज्ञानेश्वराचा निर्देश येतो. कल्याणच्या चालुक्य विक्रमादित्याचा मिताक्षरेतील उल्लेखही या अनुमानाशी जुळतो. या पुराव्यांवरून काण्यांनी मिताक्षरेचा काळ सुमारे १०७० ते ११०० असा ठरविला.

लुप्त ग्रंथांची पुनर्रचना

कात्यायनाची व्यवहारावरील स्मृती स्वतंत्र ग्रंथरूपाने उपलब्ध नाही. न्यायालयीन कामकाज आणि स्त्रीधन या विषयांवर तिचा अधिकार मोठा मानला जाई, म्हणून नंतरच्या टीकाकारांनी व निबंधकारांनी तिच्यातील श्लोक ठिकठिकाणी उद्धृत केले. विश्वरूप, मेधातिथी, मिताक्षरा, अपरार्क, स्मृतिचंद्रिका इत्यादींतून काण्यांनी हे श्लोक वेचले, पाठभेद नोंदविले आणि विषयवारीने रचून 'कात्यायनस्मृतिसारोद्धार' हा ग्रंथ १९३३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात नऊशेहून अधिक श्लोक आहेत. शंख-लिखितांच्या धर्मसूत्राचेही त्यांनी याच रीतीने संकलन केले. पूर्वसूरींनी नाव घेऊन उद्धरण केले होते म्हणूनच हे शक्य झाले. ज्यांचे विचार नाव न घेता वापरले गेले, त्या ग्रंथकारांचा असा उद्धार होऊ शकत नाही.

इतर लेखन

बाणभट्टाच्या 'कादंबरी' व 'हर्षचरित', भवभूतीच्या 'उत्तररामचरित' आणि विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पण' या ग्रंथांच्या टिपांसह आवृत्त्या त्यांनी सिद्ध केल्या. साहित्यदर्पणाच्या प्रस्तावनेतूनच पुढे संस्कृत काव्यशास्त्राच्या इतिहासावरील त्यांचा स्वतंत्र ग्रंथ आकारास आला. महाराष्ट्राच्या प्राचीन भूगोलावरही त्यांनी प्रबंध लिहिला. 'धर्मशास्त्रविचार' हे त्यांचे मराठी पुस्तक होय. मुख्य ग्रंथाचा मराठी सारानुवाद य. आ. भट यांनी केला असून त्याचे हिंदी भाषांतरही झालेले आहे.

सन्मान

१९४२ मध्ये काण्यांना महामहोपाध्याय ही पदवी मिळाली. १९४७ ते १९४९ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. पॅरिस (१९४८), इस्तंबूल (१९५१) व केंब्रिज (१९५४) येथील आंतरराष्ट्रीय प्राच्यविद्या परिषदांना ते भारताचे प्रतिनिधी म्हणून उपस्थित राहिले. १९५३ मध्ये राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली. धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडाला १९५६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि १९५९ मध्ये ते राष्ट्रीय प्राध्यापक झाले.

मूल्यमापन

काण्यांच्या ग्रंथावर काही आक्षेप घेतले जातात. विवेचन कित्येकदा मूळ विषयापासून दूर जाते व माहितीच्या विपुलतेत मुख्य सूत्र हरवते. ग्रंथातील नियम आणि समाजातील प्रत्यक्ष आचार यांतील अंतर केवळ शास्त्रवचनांवरून मोजता येत नाही, ही मर्यादाही त्याला आहे.

त्यांचे काही निष्कर्ष पुढील संशोधकांनी बदलले. उपलब्ध धर्मसूत्रांत गौतमाचे सूत्र सर्वांत प्राचीन, असे काण्यांचे मत होते. पॅट्रिक ऑलिव्हेल यांनी आपस्तंबाला अग्रक्रम दिला. कौटिलीय अर्थशास्त्राचा काळही आज अनेक अभ्यासक काण्यांनी मानला त्याहून अलीकडचा समजतात. असे असूनही ग्रंथाचा उपयोग कमी झालेला नाही. निष्कर्षांबरोबर पुरावाही समोर ठेवलेला असल्याने त्यांच्याशी मतभेद असणारा अभ्यासकही त्यांच्याच तळटिपांपासून आरंभ करू शकतो. १९५५–५६ च्या हिंदू कायद्यांनंतर विवाह, दत्तक व वारसा या बाबींत जुन्या वचनांचे न्यायालयीन महत्त्व बरेच घटले. तरीही सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यांत काण्यांच्या ग्रंथाचे दाखले आढळतात.

अखेरचा काळ आणि स्मृती

काण्यांचे वास्तव्य दीर्घकाळ मुंबईत गिरगावातील आंग्रेवाडीत होते. पोटाच्या जुनाट विकाराने त्यांना आयुष्यभर त्रास दिला. तरी लेखनाचा क्रम त्यांनी सोडला नाही. पाचवा खंड पूर्ण झाल्यावर ते पुन्हा पहिल्या खंडाकडे वळले. मधल्या काळात नवे ग्रंथ छापले गेले होते आणि नवी हस्तलिखिते उजेडात आली होती. त्यांचा समावेश करून सुधारून वाढविलेला पहिल्या खंडाचा पहिला भाग १९६८ मध्ये, त्यांच्या वयाच्या ८८ व्या वर्षी प्रसिद्ध झाला. दुसऱ्या भागाची सुधारित आवृत्ती त्यांच्या निधनानंतर, १९७५ मध्ये निघाली.

काण्यांचे निधन १९७२ मध्ये झाले. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने १९७४ मध्ये त्यांच्या नावाने पदव्युत्तर अध्ययन व संशोधन संस्था स्थापन केली. वैदिक वाङ्‌मय, धर्मशास्त्र किंवा अलंकारशास्त्र यांत मोलाचे कार्य करणाऱ्या विद्वानाला दर तीन वर्षांनी त्यांच्या नावाचे सुवर्णपदक देण्यात येते.